दम भरून येताना: वर्सोव्याच्या वाऱ्यापासून घाटकोपरच्या जिन्यापर्यंत

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरकारने शिक्षा संपण्याआधीच त्यांना सोडलं. मार्चमध्ये गांधीजी मुंबईला आले ते अंगात ताकद यावी म्हणून, आणि राहिले ते जुहूला, नरोत्तम मोरारजींच्या समुद्राकाठच्या बंगल्यात. मे महिन्यापर्यंत त्यांचा मुक्काम तिथेच होता. कायदेमंडळात जायचं की नाही, या वादावर बोलायला मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास तिथेच आले. पुढे मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधल्या कैदेतून सुटल्यावर खंगलेले गांधीजी पुन्हा जुहूलाच आले. विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ हा चित्रपट त्यांनी पाहिला तो याच मुक्कामात.

आजारातून उठलेल्या माणसाने शहर सोडून थोडं उत्तरेला जावं, समुद्राचा किंवा झाडीचा वारा घ्यावा आणि महिना-दोन महिन्यांनी अंग धरून परत यावं, ही तेव्हाच्या मुंबईची सर्वमान्य रीत होती. तिला हवापालट म्हणत. पोट असो की छाती, उपाय तोच. आज अंधेरीत किंवा घाटकोपरमध्ये कुणाच्या फुप्फुसाची शस्त्रक्रिया होते तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच्या हातात व्यायामाचा कागद ठेवून त्याला घरी पाठवतात. या दोन टोकांमध्ये शंभर वर्षं गेली. गेलेली ताकद परत कशी येते, याबद्दलची समजूत त्या काळात मुळापासून बदलली, आणि बदलाचा बराचसा भाग याच उपनगरांनी अनुभवला.

साष्टी बेटावरची ही गावं मुंबईकरांच्या आवाक्यात आली ती रेल्वेमुळे. पूर्वेची ठाण्याची लाइन १८५३ ची. पश्चिमेला एप्रिल १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे गाडी धावू लागली तेव्हा बोरिवली, अंधेरी, सांताक्रूझ ही नावं तिच्या थांब्यांत होती. भातखाचरं, कोळीवाडे, ताडामाडाच्या वाड्या आणि त्यांच्यामध्ये शेठ लोकांचे बंगले असं हे सगळं चित्र. १८९६ मध्ये मांडवी भागातून प्लेग पसरला आणि ज्यांना शक्य होतं ते लोक शहराबाहेर पळाले. त्यातले कित्येक परतलेच नाहीत, उपनगरांतच स्थिरावले. वेगवेगळ्या समाजांच्या धर्मादाय निधींतून आरोग्यभवनं उभी राहिली. त्यांना लोक ‘सॅनिटोरियम’ म्हणत. तिथे डॉक्टर असेलच असं नव्हतं. अल्प भाड्यात स्वच्छ खोली, चूल मांडायला जागा आणि वारा, एवढं मिळे. गिरगाव-भुलेश्वरच्या अंधाऱ्या खोलीतून आलेल्या बाळंतिणीला किंवा तापातून उठलेल्या कारकुनाला तेवढंही मोठं वाटे. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तेव्हा हा प्रदेश ‘चांगल्या हवेचा’ म्हणून ओळखला जात होता.

अंधेरीच्या पश्चिमेला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर दादाभाई नौरोजींचं घर होतं. १९०७ मध्ये इंग्लंडहून कायमचे परतल्यावर ते तिथे राहिले, आणि १९१७ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १९१८ रोजी, त्याच घरात मणिभाई देसाई नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने योग शिकवायला सुरुवात केली. श्रीयोगेंद्र म्हणून पुढे ओळखले गेलेले ते हेच, आणि सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट ती हीच. संन्यास न घेतलेल्या माणसांना, म्हणजे नोकरदार, व्यापारी आणि आजारी लोकांना योग शिकवायचा हा त्यांचा आग्रह होता. मालसरच्या परमहंस माधवदासांचे ते शिष्य. त्याच गुरूंचे दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, आणि १९३२ मध्ये सांताक्रूझला त्याची मुंबईतली शाखा सुरू झाली. ती चार वर्षांनी मरीन ड्राइव्हला गेली.

कुवलयानंदांचं काम इथे महत्त्वाचं आहे, कारण त्यांनी श्वासाला दाबमापकासमोर आणि क्ष-किरणासमोर बसवलं. उड्डियानात पोट आत ओढलं की शरीराच्या आतला दाब किती उतरतो, प्राणायामात छातीत काय घडतं, हे त्यांनी मोजून ‘योगमीमांसा’ या आपल्या नियतकालिकातून १९२४ पासून छापलं. त्या काळात डॉक्टर आजारी फुप्फुसाला एकच सल्ला देत होते: हलू नका. श्वास ही स्नायूंनी करायची क्रिया आहे, ती शिकता येते, शिकवता येते आणि मोजताही येते, हा विचार तेव्हा मुंबईच्या आसपास मांडला जात होता ही गोष्ट लहान नाही. मात्र तो रुग्णालयाच्या वॉर्डात शिरायला आणखी तीसेक वर्षं जावी लागली.

तोवर फुप्फुसाचा आजार म्हणजे क्षय. गिरण्यांच्या आणि चाळींच्या शहरात तो घराघरात होता, आणि त्यावर औषध नव्हतं. जर्मनीत हेरमान ब्रेमर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आणि अमेरिकेत एडवर्ड ट्रूडो यांनी १८८० च्या दशकात उभी केलेली पद्धत सगळ्या जगाने उचलली: डोंगरावरची हवा, सक्तीची विश्रांती आणि भरपूर खाणं. हिंदुस्थानातही तिची केंद्रं निघाली. मुंबईचे बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सिमल्याच्या वाटेवर धरमपूरला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीला बेल-एअर सुरू केलं. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलने गावाबाहेर क्षयरोग्यांची वसाहत वसवली, तीच आजची वॉनलेसवाडी. मुंबईत शिवडीचं क्षयरोग रुग्णालय गरिबांचा आधार झालं आणि आजही आहे.

सॅनिटोरियमचा दिवस कसा जाई? पहाटे तापमान, दूध, पलंग. मग व्हरांड्यात आरामखुर्ची, पांघरूण गळ्यापर्यंत. बोलणं कमी, हसणं कमी, जिना चढायचा नाही. दर आठवड्याला वजन, आणि वजन वाढलं की घरी आनंदाचं पत्र. अंगावर मांस चढणं म्हणजेच बरं होणं, हे समीकरण मराठी घरांत तेव्हापासून रुजलं. ज्या सोवळ्या घरात अंड्याचं टरफलही चालत नसे, तिथे आजाऱ्यासाठी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या शेगडीवर अंडं उकडलं जाऊ लागलं. कॉडलिव्हर ऑइलची बाटली फडताळात आली. जोडीला डिंकाचे लाडू, शतावरी कल्प, अळिवाची खीर आणि मऊ भात होताच. आजीने कळवळ्याने केलेल्या या सगळ्यात तथ्य होतं. क्षयाने स्नायू झिजतात आणि प्रथिनांशिवाय ते भरून येत नाहीत. पण नुसतं खाऊन आणि पडून राहूनही ते भरून येत नाहीत, हे त्या व्यवस्थेला फार उशिरा कळलं.

कळलेला एक माणूस होता. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयाने फ्रिम्लीला सॅनिटोरियम काढलं, तिथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डॉ. मार्कस पॅटरसन यांनी रोग्यांना कामाला लावलं. आधी थोडं चालणं, मग जास्त. दहा मैलांपर्यंत चालता आलं की मातीच्या टोपल्या वाहणं, त्यानंतर लहान फावडं, मोठं फावडं आणि शेवटी कुदळ. ताप चढला की पुन्हा खाली. त्यांचा सिद्धांत रक्तात तयार होणाऱ्या प्रतिविषांचा होता आणि तो पुढे टिकला नाही. पण एक पायरी, ती पचली की दुसरी, ही त्यांची शिडी टिकली. आजच्या प्रत्येक फुप्फुस-पुनर्वसन वर्गात ती उभी आहे.

विश्रांतीचा विचार टोकाला गेला तेव्हा त्याने सुरी हातात घेतली. आजारी फुप्फुसाला पूर्ण विश्रांती द्यायची तर ते मिटवूनच टाकायचं! इटलीचे कार्लो फोरलानिनी यांनी १८८२ मध्ये कल्पना मांडली आणि काही वर्षांत ती प्रत्यक्षात आणली. छातीच्या पोकळीत सुईने हवा भरायची म्हणजे फुप्फुस आकसतं. हवा हळूहळू शोषली जाई, म्हणून दर एक-दोन आठवड्यांनी ती पुन्हा भरावी लागे. डॉक्टरांच्या बोलण्यात तिचं नाव ‘ए. पी.’. असे रोगी दोन-तीन वर्षं या फेऱ्या करत. जिथे फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असे तिथे हवा शिरत नसे. मग थोरॅकोप्लास्टी, म्हणजे सात-आठ फासळ्यांचे तुकडे काढून छातीची ती बाजूच खचवणं. रोग्याला ते एकदम सोसत नसे, म्हणून दोन किंवा तीन टप्प्यांत, मधे काही आठवडे सोडून, आणि पुष्कळदा नुसती जागा बधिर करून. फासळ्या वाचवायच्या म्हणून चाळीसच्या दशकात काही ठिकाणी पोकळीत प्लास्टिकच्या पोकळ गोळ्या, पिंगपाँगच्या चेंडूएवढ्या, भरल्या गेल्या. त्यातल्या काही गोळ्या पुढे पन्नास-पन्नास वर्षांनी क्ष-किरणात डॉक्टरांना चकित करत राहिल्या.

या शस्त्रक्रियांनी जीव वाचले, हे विसरता कामा नये. पण वाचलेल्या माणसाचं शरीर वाकडं होई. पाठीचा कणा एका बाजूला झुके, खांदा पडे, हात डोक्यावर जाईनासा होई. घागर उचलणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, लोकलमधली कडी धरणं, सगळंच अवघड. आणि इथेच पहिल्यांदा कुणीतरी रोग्याजवळ व्यायामासाठी येऊन बसलं. १९३० च्या दशकात ब्रॉम्प्टन रुग्णालयात विनिफ्रेड लिंटन यांनी छातीच्या शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर करायचे श्वासाचे व्यायाम बसवले. रोग्याच्या बरगड्यांवर हात ठेवायचा आणि सांगायचं की श्वास इथे घ्या, या हाताला ढकला. जे फुप्फुस उरलं आहे त्याचा कानाकोपरा उघडायचा, कफ सुटवायचा, खांदा हलता ठेवायचा. विश्रांतीच्या राज्यात ही बंडखोरीच होती.

१९३३ च्या ५ एप्रिलला अमेरिकेत सेंट लुइसला डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कॅन्सर झालेलं एक आख्खं फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढलं. रोगी स्वतः डॉक्टर होते, जेम्स गिलमोर. ते बरे झाले, पुन्हा प्रॅक्टिस करू लागले आणि तीस वर्षं जगले. ग्रॅहम मात्र १९५७ मध्ये फुप्फुसाच्याच कॅन्सरने गेले, त्यांच्या रोग्याच्या आधी. एका फुप्फुसावर माणूस नुसता जगत नाही, काम करतो, हे गिलमोर यांच्यामुळे जगाला दिसलं. भारतात छातीच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग वेल्लोरला डॉ. रीव्ह बेट्स यांनी १९४९ च्या सुमारास उभारला. मुंबईत परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी छाती आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेची परंपरा घडवली. परळमध्येच १९४१ मध्ये सुरू झालेलं टाटा मेमोरियल हे पुढे फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी सगळ्या देशाचं ठिकाण झालं.

एका फुप्फुसावर काय होऊ शकतं याचं मराठी मनाला सगळ्यांत जवळचं उदाहरण मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावरचं नाही. कुमार गंधर्व मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या बी. आर. देवधरांच्या शाळेत घडले. विशीच्या आतच त्यांचं नाव देशभर झालं होतं. १९४७ मध्ये भानुमतींशी लग्न झालं आणि पाठोपाठ क्षयाचं निदान झालं. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या सुरुवातीला ते माळव्यात देवासला गेले. मोठ्या प्रमाणावरचा हवापालटच तो. गाणं बंद. बोलणंही जेमतेम. भानुमतींनी शाळेत नोकरी धरली आणि घर चालवलं. वर्षानुवर्षं कुमारजी खाटेवर होते. बाहेरून जाणाऱ्या बायकांची, भिक्षेकऱ्यांची माळवी गाणी कानावर पडत, ती ते मनात आणि कागदावर टिपत राहिले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि आजार आटोक्यात आला. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं होतं. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले.

त्यांच्या गायकीतल्या तुटक, टोकदार, एकाएकी उसळणाऱ्या लहान फेकींचं कारण उरलेल्या श्वासात शोधण्याची रसिकांना सवय आहे. ते अर्धंच खरं मानावं. कमी श्वासाचा माणूस लहान वाक्यं गाईल, हे शरीराचं झालं. त्या लहान वाक्यात काय भरायचं, हे त्यांच्या बुद्धीचं. पण बरं होण्याच्या शास्त्राच्या दृष्टीने त्यांच्या कहाणीत एक लखलखीत गोष्ट आहे. गेलेलं फुप्फुस परत आलं नाही. उरलेल्यावर गाणं पुन्हा रचावं लागलं. श्वास कुठे घ्यायचा, किती राखायचा, कुठे सोडायचा, याचा हिशेब नव्याने मांडावा लागला. आज व्यायामतज्ज्ञ फुप्फुस कापलेल्या माणसाला जिना चढताना श्वास सोडायला, खाली वाकण्याआधी श्वास घ्यायला आणि एका दमात न करता तीन दमांत करायला शिकवतात. दोन्हींचा गाभा एकच आहे.

सॅनिटोरियमचं युग संपवलं ते मद्रासने. १९५६ मध्ये तिथे सुरू झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्रात वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी रोग्यांचे दोन गट केले. एक गट सॅनिटोरियममध्ये, चांगलं अन्न आणि विश्रांती मिळणारा. दुसरा मद्रासच्या दाटीवाटीच्या घरांत, साधं जेवण जेवून घरची कामं करणारा. औषधं दोघांना सारखीच. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले: वर्षभराच्या शेवटी बरं होण्यात दोन्ही गटांमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. हवा, खाट, व्हरांडा यांवर उभी असलेली शंभर वर्षांची व्यवस्था या एका प्रयोगाने मोडीत निघाली. यापुढे बरं व्हायचं ते घरीच.

आणि घर कुठे होतं? तोवर मुंबईकरांचं घर उपनगरात सरकत होतं. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची लोकल आली होती. १९५० मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. जिथे माणसं हवापालटाला येत तिथेच आता ती एका खोलीत चार-सहा जण राहू लागली. १९५० च्या दशकात चेंबूरजवळ तेलशुद्धीकरण कारखाने आले. मुलुंड-भांडुपच्या आग्रा रोडवर रसायनं, औषधं, लोखंडकाम यांची रांग लागली. चांगली हवा ही उपनगरांची ओळख दोन पिढ्यांत पुसली गेली. आरेची झाडी आणि बोरिवलीचं जंगल तेवढं उरलं, आणि तिथे आज पहाटे चालणाऱ्यांची जी गर्दी असते तिच्यात कुणाच्या शर्टाखाली छातीवरचा व्रण आहे हे ओळखू येत नाही.

याच सुमाराला परळमध्ये एक घटना घडली. ती ज्या कारणाने घडली त्याचा फुप्फुसाशी संबंध नव्हता. पोलिओच्या साथीने पांगळी झालेली मुलं वाढत होती, म्हणून सरकार, महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केईएममध्ये फिजिओथेरपीची शाळा काढली. देशातली ती पहिलीच शाळा. तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी पुढे छातीच्या वॉर्डातही पाऊल टाकलं. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रोग्याला उठवून बसवणारी, पाठीवर थापट्या देणारी, ‘खोका, घाबरू नका, टाके तुटत नाहीत’ असं सांगणारी ती पहिली माणसं.

छाती उघडल्यावर खोकणं हे किती मोठं काम असतं ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. पाठीपासून बगलेखालपर्यंत गेलेली चीर, कापलेला मोठा स्नायू, ताणून बाजूला केलेल्या बरगड्या. दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो. उथळ श्वासाने फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ साचतो, ताप चढतो आणि न्यूमोनिया होतो. म्हणून छातीशी उशी घट्ट धरून खोकायला शिकवतात. दुखणं कमी ठेवणारी औषधं वेळेवर देतात, म्हणजे श्वास खोल जातो. छातीतली नळी अजून बाटलीत सोडलेली असते तेव्हाच ती बाटली हातात घेऊन रोगी पॅसेजमध्ये चालू लागतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट बार्टलेट यांच्या कामातून श्वास ओढण्याचं छोटं यंत्र आलं. त्याचा तीन चेंडूंचा प्रकार आता मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतो. श्वास आत ओढायचा, चेंडू वर धरायचे. पुष्कळ लोक चुकून त्यात फुंकतात.

पुढे काय होतं याचे आकडे धीर देणारे आहेत. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. एक खंड काढला तर जोरात श्वास सोडण्याची क्षमता सुरुवातीला बरीच घसरते. मग तीन ते सहा महिन्यांत उरलेलं फुप्फुस फुलून जागा भरतं आणि तूट सुमारे दहा-पंधरा टक्क्यांवर येऊन थांबते. संपूर्ण फुप्फुस गेलं तर साधारण एक तृतीयांश क्षमता कायमची जाते, पण चालण्या-काम करण्याची ताकद तेवढ्या प्रमाणात जात नाही. कारण ताकद नुसती फुप्फुसात नसते, ती मांड्यांत असते, हृदयात असते आणि रक्त किती प्राणवायू वाहतं यात असते. खाटेवर पडलेल्या माणसाची मांडी आठवडाभरात दिसण्याइतकी बारीक होते. थोडं चाललं तरी धाप लागते ती निम्मी पायांमुळे. आजारी फुप्फुसाला हलू न देणाऱ्या काळाने नेमका हाच भाग वाया घालवला होता.

ताकद मोजायची साधनं विलक्षण साधी आहेत. सहा मिनिटांत सपाट वाटेवर माणूस किती मीटर चालतो ते मोजतात. १९८२ पासून हे माप रूढ होत गेलं, आणि अमेरिकी तज्ज्ञ संस्थेने २००२ मध्ये त्याची पद्धत ठरवून दिली. तीस मीटरचा मोकळा पॅसेज आणि घड्याळ असलं की झालं. दुसरं साधन जिना. इटलीच्या अँकोना शहरात अलेस्सांद्रो ब्रुनेल्ली आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेआधी शेकडो रोग्यांना जिने चढायला लावले. जे बारा मीटरही चढू शकले नाहीत त्यांना शस्त्रक्रियेत धोका खूप जास्त होता. जे बावीस मीटरच्या पुढे गेले ते बहुतेक सुखरूप होते. उपनगरातल्या जुन्या बिनलिफ्टच्या चार मजली इमारतीचा जिना गच्चीपर्यंत साधारण बारा मीटर भरतो. म्हणजे म्हाडाच्या वसाहतींमध्ये ही तपासणी रोजच होत असते, भाजीची पिशवी हातात घेऊन. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या मजल्यावरच्या घरी परतणाऱ्याला तो जिना सुरुवातीला शत्रू वाटतो. एका मजल्यावर थांबायचं, कठड्याला टेकायचं, ओठ आवळून श्वास सोडायचा, पुन्हा चढायचं. पुढच्या आठवड्यात दोन मजले. पॅटरसनची टोपली आणि फावडं इथे पायऱ्यांच्या रूपात हजर असतात.

पण या सगळ्याला वेळ लागतो, आणि या शहरात वेळ कुणाला परवडतो, हा खरा प्रश्न आहे. त्यावर एक उत्तम उत्तर १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने दिलं. मुंबईत ही योजना १९५४ मध्ये आली. मुलुंड, अंधेरी, कांदिवली इथली कामगार रुग्णालयं तिचीच. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवस सत्तर टक्के वेतन मिळतं. पण क्षय, कॅन्सर आणि फुप्फुसाचे काही जुनाट विकार धरून ३४ दीर्घ आजारांसाठी, ठरावीक काळ सलग नोकरी झालेल्या कामगाराला, दोन वर्षांपर्यंत ऐंशी टक्के वेतन मिळू शकतं. दोन वर्षं! बरं होण्यासाठी लागणारा काळ हा कामगाराचा हक्क आहे, असं मानणारा कायदा या देशाने स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी केला. अडचण एवढीच की महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला आणि नोंदणीकृत आस्थापनेत नोकरी करणाराच त्यात बसतो. घाटकोपरच्या झोपडपट्टीतला रिक्षावाला, मुलुंडच्या टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करणारी बाई, अंधेरीच्या नाक्यावरचा बिगारी यांना ऐंशी टक्के कोण देणार? टाके निघाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते कामावर असतात.

२०२० मध्ये कोविडने हा विषय घराघरात नेला. गोरेगावचं नेस्को मैदान, मुलुंडचं रिचर्डसन अँड क्रुडास, मरोळचं सेव्हन हिल्स इथे हजारो माणसं प्राणवायूवर होती. त्यांच्या छातीला सुरी लागली नव्हती, पण घरी आल्यावर अवस्था तीच होती. अंघोळ करून आलं की पलंगावर बसून दम खायचा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि तीन चेंडूंचं यंत्र तेव्हा घरोघरी आलं. गॅलरीत, गच्चीवर, सोसायटीच्या आवारात लोक पावलं मोजत चालू लागले. आजारातून उठताना चालायचं असतं, पडून राहायचं नसतं, ही गोष्ट एवढ्या मोठ्या संख्येने लोकांना एकदम प्रथमच पटली.

फुप्फुसाच्या शस्त्रक्रियाही आता बदलल्या आहेत. १९९० च्या दशकापासून दुर्बिणीने, दोन-तीन लहान छिद्रांतून खंड काढता येतो. मोठा स्नायू कापावा लागत नाही, बरगड्या ताणाव्या लागत नाहीत. २०१९ मध्ये युरोपातल्या छातीच्या शल्यविशारदांनी लवकर बरं होण्याची जी मार्गदर्शक तत्त्वं छापली, त्यांत शस्त्रक्रियेआधीचे व्यायाम, चांगला आहार, धूम्रपान सोडणं आणि पहिल्याच दिवसापासून उठणं-चालणं यांना जागा आहे. पण मुंबईचा क्षय संपलेला नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुरुवातीला सगळ्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले तेव्हा जगभर खळबळ उडाली. औषधांना न जुमानणाऱ्या अशा आजारात काही निवडक रोग्यांचं खराब झालेलं फुप्फुस आजही कापून काढावं लागतं. आणि ज्यांचं कापलं जात नाही, ज्यांचा क्षय औषधांनी बरा झाला असं कागदावर लिहिलं जातं, त्यांच्यातल्या पुष्कळांचं फुप्फुस कायमचं आकसलेलं राहतं.

सरकार क्षयरोग्याला पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये देत होतं. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. आजीच्या अंड्याचं आणि डिंकाच्या लाडवाचं हे सरकारी रूप, आणि ते हवंच. व्यायामाच्या वाट्याला मात्र असा कुठलाच हप्ता नाही. फुप्फुस-पुनर्वसनाचा वर्ग म्हणजे सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून किमान दोनदा, देखरेखीखाली चालणं, पायांचे आणि हातांचे व्यायाम, श्वास कसा राखायचा याचं शिक्षण. यंत्रं महाग नाहीत. तीस मीटरचा पॅसेज, काही खुर्च्या, वजनाच्या पिशव्या, ऑक्सिमीटर, प्राणवायूचा एक सिलिंडर आणि या कामात तयार झालेला फिजिओथेरपिस्ट. घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर, कांदिवलीचं शताब्दी, मुलुंडचं अग्रवाल या महापालिकेच्या रुग्णालयांत असे वर्ग कायमचे आणि मोफत भरायला हवेत, आणि ते संध्याकाळीही भरायला हवेत, म्हणजे कामावर परतलेल्या माणसाला येता येईल. धाप लागणाऱ्या माणसाला बोरिवलीहून आठवड्यातून दोनदा परळला जायला सांगितलं तर रेल्वेचे दोन पूल आणि गर्दीची लोकल यांतच त्याचा त्या दिवसाचा व्यायाम होऊन जातो, आणि तिसऱ्या खेपेला तो येत नाही.